अतिपातळ सेंद्रिय पटलांतील रेणूंची मांडणी : अवरक्त वर्णपटाचा उपयोग

प्रस्तावना :
स्टिअरिक आम्ल पाण्याच्या पृष्ठावर पसरले असता केवळ एका रेणूइतक्या, म्हणजे सुमारे २.५ नॅनोमीटर जाडीचे पटल तयार होते. अशा पटलातील रेणू विशिष्ट दिशेने उभे राहतात, हे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये दाखविले. पुढे कॅथरीन ब्लॉजेट यांनी अशी पटले घन पृष्ठावर एकावर एक चढविण्याची पद्धत विकसित केली. पटलाची जाडी मोजता येते. परंतु रेणू उभे आहेत, कललेले आहेत की विस्कळीत आहेत, हे केवळ जाडीवरून निश्चित होत नाही. सेंद्रिय ट्रान्झिस्टरसारख्या साधनांची कार्यक्षमता मात्र बहुतांशी या मांडणीवरच अवलंबून असते.

तत्त्व :
रेणूच्या कंपनात द्विध्रुव आघूर्ण ज्या दिशेने बदलते, त्या दिशेने प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राचा घटक असेल तरच अवरक्त प्रकाशाचे शोषण होते. धातूच्या पृष्ठालगत पृष्ठाला समांतर असलेले क्षेत्र जवळजवळ नष्ट होते व लंब घटकच उरतो. त्यामुळे पृष्ठाला लंब असलेली कंपनेच वर्णपटात उमटतात. प्रकाश पृष्ठाला जवळजवळ घासून जाईल असा टाकल्यास हे शोषण अधिक स्पष्ट होते, असे रॉबर्ट ग्रीनलर यांनी १९६६ मध्ये गणिताने दाखविले.

विवेचन :
कार्बन साखळीतील मिथिलीन गटांची ताण-कंपने साखळीच्या अक्षाला लंब असतात. साखळी धातूवर सरळ उभी असल्यास परावर्तन वर्णपटात ही शोषणे क्षीण दिसतात. तेच पटल पारदर्शक पट्टीवर घेऊन लंब दिशेने प्रकाश आरपार पाठविल्यास ती ठळक होतात. दोन्ही वर्णपटांच्या तुलनेतून साखळीचा कल काढता येतो. सोन्यावरील अल्केनथायॉल पटलांत हा कल सुमारे ३०° आढळतो.

शोषणाचे स्थानही बोलके असते. सुव्यवस्थित, सरळ साखळ्यांची शोषणे २९१८ व २८५० प्रति सें.मी.च्या जवळ असतात. साखळ्या वाकल्यास ती काही एककांनी वर सरकतात.

निष्कर्ष :
तीव्रतेवरून दिशा व स्थानावरून सुव्यवस्था कळते. तथापि प्राप्त होणारा कल हा प्रकाशझोताखालील असंख्य रेणूंची सरासरी असतो. काही रेणू उभे व काही आडवे असले तरी मधलाच कोन मिळू शकतो. म्हणून दिशा व सुव्यवस्था यांचा विचार एकत्रितपणेच करणे आवश्यक ठरते.