सीडरखालचा ओंडका

१९०९ साल. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात ब्रॅक्स्टन गावाजवळचं पाइनचं रान. सीडरच्या झाडाखाली, पडलेल्या ओंडक्यावर एक कृष्णवर्णीय तरुण बसलाय. आयोवा विद्यापीठाचा पदवीधर; खिशात १ डॉलर ६५ सेंट. एक पोरगा जवळ येतो. तरुण त्याच्या हातात वर्तमानपत्र देतो. पोराला त्यातलं एक अक्षर लागत नाही. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा आणखी दोघांना घेऊन येतो, आणि त्या ओंडक्यावर शाळा भरते!

तरुणाचं नाव लॉरेन्स जोन्स. शाळा पायनी वूड्स. ख्रिस्ती श्रद्धेवर उभी राहिलेली, पण कुठल्याही एका पंथाला न बांधलेली खासगी शाळा.

काळे आणि गोरे यांच्या शाळा वेगळ्याच असल्या पाहिजेत, हे मिसिसिपीनं १८९० च्या राज्यघटनेतच लिहून ठेवलं होतं. काळ्यांच्या शाळांच्या वाट्याला पैसा अगदी थोडा यायचा, आणि कापसाच्या हंगामात मुलं शेतात राबायची. अशा जागी शाळेला पहिली जमीन कुणी दिली? एड टेलरनं. गुलामगिरीत आयुष्याची सुरुवात झालेल्या या माणसानं ४० एकर जमीन, ५० डॉलर आणि एक पडका मेंढवाडा देऊन टाकला. ज्याला स्वतःला लहानपणी अक्षरापासून लांब ठेवलं गेलं, त्याचं हे दान! मुलांनी मेंढवाडा झाडला, धुतला, भिंतींना चुना मारला. एका गोऱ्या सॉ मिलवाल्यानं लाकूड दिलं. फीचे पैसे नसतील त्यानं कोंबड्या आणाव्यात, काकवी आणावी, नाहीतर शाळेच्या शेतात काम करावं. डोकं, हृदय आणि हात या तिन्हींचं शिक्षण, ही जोन्सची धारणा.

आता एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात जोन्स एका प्रार्थनासभेत बोलत होता. आयुष्य ही लढाई आहे, कंबर कसा, असा त्याचा सूर. बाहेरून जाणाऱ्या गोऱ्या पोरांनी तेवढंच ऐकलं आणि हा काळ्यांना उठावाची चिथावणी देतोय अशी आवई उठवली. जमावानं त्याला ओढत नेलं, गळ्यात दोर अडकवला. कुणीतरी ओरडलं, मरण्याआधी त्याला बोलू तरी द्या. जोन्स बोलला. स्वतःसाठी गयावया केली नाही. शाळेबद्दल बोलला, मदत करणाऱ्या गोऱ्यांची नावं घेतली. अखेर यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला एक म्हातारा सैनिक पुढे आला, त्यानं त्याला सोडवलं आणि टोपी फिरवून शाळेसाठी ५० डॉलरहून जास्त वर्गणी गोळा केली. ऐकून अंगावर काटा येतो. आणि जिवंत राहण्यासाठी माणसाला असं भाषण द्यावं लागावं, याची चीडही तितकीच येते.

शाळेची गाणारी पथकं देशभर फिरून निधी गोळा करत. १९३७ मध्ये मुलींचं एक जॅझ पथक तयार झालं: इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम. काळ्यांना हॉटेलात खोली मिळत नसे, म्हणून मुली बसमध्येच झोपायच्या. पुढे शाळेपासून वेगळ्या होऊन त्यांनी सगळ्या देशात नाव काढलं.

डिसेंबर १९५४ मध्ये 'धिस इज युअर लाइफ' या टीव्ही कार्यक्रमात जोन्सची कहाणी दाखवली गेली. प्रत्येकानं एकेक डॉलर पाठवा, असं आवाहन निवेदकानं केलं. पाकिटांचा पाऊस पडला. ७ लाखांहून अधिक डॉलर जमले. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. पुढे मिसिसिपीत गोऱ्या पालकांनी आपली मुलं काळ्या मुलांशेजारी बसू नयेत म्हणून खासगी शाळा काढल्या. त्यातल्या कित्येकींच्या नावातही 'ख्रिश्चन' होतं. शब्द तोच, पण मला खरा वाटतो तो मेंढवाड्यातला.

जोन्स १९७५ मध्ये वारला. पायनी वूड्स आजही भरते, सुमारे २००० एकरांवर. आणि तो मेंढवाडा दुरुस्त करून तिथंच जपून ठेवलाय.