धुरीकरणाच्या गोळ्या आणि गोदामातील आग

गोदामाला आग लागली की शॉर्टसर्किट, विडीचे थोटूक किंवा वेल्डिंगची ठिणगी यांवर आधी संशय जातो. धान्याच्या गोदामांत आणि डाळ मिलमध्ये मात्र आणखी एक कारण संभवते आणि ते कीडनियंत्रणाच्या डब्यातूनच आत येते: अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतःची गोदामे चालवू लागल्यापासून हा विषय सरकारी वखारींपुरता उरलेला नाही.

3 ग्रॅमच्या एका गोळीचा हवेतील बाष्पाशी संयोग होऊन सुमारे 1 ग्रॅम फॉस्फीन वायू मुक्त होतो. सोंडे, भुंगेरे, पतंग यांचा नाश करणारा हा वायू ज्वालाग्राहीही आहे. हवेत त्याचे प्रमाण आकारमानाने सुमारे 1.8 टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. त्यात अंशमात्र डायफॉस्फीन असेल, तर ठिणगीचीही गरज उरत नाही. शिफारशीची मात्रा देऊन गोळ्या सुट्या पसरल्यास थप्पीतील प्रमाण या मर्यादेच्या फार खाली राहते. शिवाय अनेक उत्पादनांत अमोनियम कार्बामेट मिसळलेले असते. त्यातून सुटणारा अमोनिया व कार्बन डायऑक्साइड ज्वलनाची शक्यता घटवतात. तेव्हा धोका उद्भवतो तो बहुधा हाताळणीतून.

वेळ वाचवण्यासाठी मजूर मूठभर गोळ्या एकाच कोपऱ्यात ठेवतो. ढिगात उष्णता कोंडते आणि वायू एके ठिकाणी दाटतो. त्यावर छपरातून पावसाचे पाणी ठिबकले, तर ताडपत्रीखालीच ज्वाळा उठू शकते. म्हणून गोळ्या ट्रेमध्ये एकेरी थरात, एकमेकींपासून दूर ठेवाव्यात; बारदानाला किंवा ओल्या फरशीला त्यांचा स्पर्श नसावा. गळके छप्पर धुरीकरणाआधी दुरुस्त झालेच पाहिजे. पावसाळ्यात हे काम पुढे ढकलणे अनेकांना जिवावर येते, पण ते ढकलावे.

थप्पी उघडल्यावर उरणारी राखाडी भुकटी निरुपद्रवी दिसते, परंतु तिच्यात न विघटलेले फॉस्फाइड शिल्लक असू शकते. ती डब्यात भरून झाकण लावणे किंवा कचऱ्याच्या ढिगात टाकणे या दोन्ही गोष्टी घातक आहेत. उघड्या जागी, वाऱ्याची दिशा पाहून, डिटर्जंट मिसळलेल्या पाण्यात ती थोडी थोडी सोडून ढवळावी. भुकटीवर पाणी ओतू नये. भुकटीच पाण्यात जावी.

गोळ्यांना आग लागलीच, तर पाण्याची बादली सर्वांत वाईट मदत ठरते, कारण पाण्याने वायू अधिक वेगाने सुटतो. कोरडी वाळू, कोरड्या रासायनिक पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक हाताशी असावे. आगीजवळ जाणाऱ्यास योग्य श्वसनसंरक्षक साधन हवे; फॉस्फीन माणसालाही मारतो आणि वासावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही.

फॉस्फीन तांब्याला गंजवतो, विशेषतः दमट हवेत, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. वारंवार धुरीकरण होणाऱ्या जागेतील स्विच, मोटार आणि वायरींचे सांधे हळूहळू खराब होतात. नंतरच्या आगीचे कारण अहवालात ‘शॉर्टसर्किट’ असे नोंदले जाते, तेव्हा त्या शॉर्टसर्किटामागे काय होते, हे कोणी विचारत नाही. विद्युत नियंत्रणपेटी शक्य असल्यास धुरीकरणाच्या क्षेत्राबाहेर असावी. निदान झाकून बंदिस्त करावी.

कीटकशास्त्र आणि अग्निसुरक्षा यांचे एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे: झाडलोट. पिठाच्या व डाळीच्या धुळीवर तांबडा भुंगेरा पोसला जातो आणि हवेत उडालेली तीच धूळ ठिणगीने स्फोटासारखी पेटते. तुळया, पट्ट्यांची आवरणे, मोटारींच्या पाठी येथील धूळ काढल्यास धुरीकरणाची गरजही कमी पडते.

भारतात या गोळ्यांची विक्री व वापर निर्बंधित असून त्या सरकारी यंत्रणा व अधिकृत कीडनियंत्रण संस्थांच्या तज्ज्ञ देखरेखीखालीच वापरता येतात. गोळ्या कोणत्या खोलीत ठेवल्या आहेत आणि कोणत्या थप्पीचे धुरीकरण चालू आहे, हे गोदामाच्या दारावर ठळक लिहिलेले असावे. रात्री दोन वाजता पोहोचलेल्या अग्निशमन दलाला नळी उघडण्यापूर्वी ते वाचता आले पाहिजे.