मारतहळ्ळीतलं परस: वन्यजीव आणि रोजची कामं

बंगळुरूतल्या बेळ्ळंदूर आणि वर्तूर तलावांजवळच्या मारतहळ्ळीत इमारतींची दाटी असली, तरी थोडीफार परसबाग राखलेल्या घरांत वन्यजीवांचा राबता असतो. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी रोज नुसतं बदलून भागत नाही. भांडं आतून घासावं लागतं, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त काम लावते ती आफ्रिकन राक्षसी गोगलगाय. १८४७ मध्ये ती कोलकात्यात आणली गेली आणि हळूहळू देशभर पसरली. ती रात्री बाहेर पडते, पपईची कोवळी रोपं फस्त करते आणि एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालू शकते. भल्या सकाळी कुंड्यांच्या बुडाशी, ओल्या पाचोळ्याखाली या गोगलगायी सापडतात. त्या हातमोजे घालूनच वेचाव्यात, कारण त्यांच्यात माणसाच्या मेंदूला इजा करणारा कृमी असू शकतो. वेचून झाल्यावर त्या मिठाच्या दाट पाण्यात टाकतात.

परसातल्या एखाद्या फांदीवर शिंजीर पक्ष्याची मादी कोळिष्टकांनी सांधलेलं, पिशवीसारखं लोंबतं घरटं विणते. दारावर छोटासा छज्जाही काढते, किती देखणं काम! पिल्लं उडेपर्यंत त्या फांदीची छाटणी थांबवावी.

परसात कधी सापही दिसतो. त्यातली धामण बिनविषारी असून उंदीर खाते. तिला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. साप ओळखता आला नाही, तर लांब राहून वनखात्याला किंवा सर्पमित्राला कळवावं.