ओटीत घातलेली लेक

'मी सिंधुताई सपकाळ' हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो सोलापुरात, २०१० साली. परतीच्या एस.टी.त नळदुर्ग मागे पडलं, बाहेर अंधार झाला, आणि मुरुम येईपर्यंत माझ्या डोक्यात सिंधुताई नव्हत्याच. होती ती त्यांची लेक, ममता. त्या रात्रीपासून या एका धाग्यामागे मी इतकी वर्षं फिरतो आहे.

सिंधुताईंची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघेची चिंधी, शाळा जेमतेम चौथीपर्यंत, कोवळ्या वयात लग्न, नवऱ्यानं दिवस भरत आले असताना घराबाहेर काढलं, गोठ्यात बाळंतपण झालं, मग रेल्वेत गाणी म्हणून भीक मागणं आणि स्मशानातल्या रात्री. त्यातूनच अनाथांची माय उभी राहिली. २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात त्या गेल्या.

मला अडवून ठेवतो तो याच्या मधला एक प्रसंग. रस्त्यावरची लेकरं गोळा करायला लागल्यावर सिंधुताईंनी पोटची ममता पुण्याच्या श्रीमंत दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपवली. कारण त्यांनी व्यासपीठांवरून वारंवार सांगितलं: आपली लेक जवळ राहिली तर माया तिच्याकडे झुकणार, आणि ज्यांना कुणीच नाही त्यांच्यावर अन्याय होणार. हे ऐकताना सभागृह टाळ्या वाजवायचं. त्या टाळ्यांत मला कधीच सामील होता आलं नाही. शेकडो लेकरांना माय मिळावी म्हणून एका लेकराची माय काढून घेतली गेली होती, आणि त्या लेकराला कुणी विचारलं नव्हतं. सिंधुताईंचं मोठेपण मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे. पण त्या मोठेपणाची किंमत एका लहान मुलीनं भरली, हेही तितकंच ठळकपणे सांगितलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ममताताईंनी पुढं आईचंच काम हाती घेतलं, म्हणून तर ते आणखी सांगायला हवं.

अनंत महादेवन यांचा हा चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहतो, त्याला आणखी एक कारण आहे. तरुण सिंधुताई झाली तेजस्विनी पंडित आणि उतारवयातली सिंधुताई झाल्या ज्योती चांदेकर. या दोघी खऱ्या आयुष्यातल्या मायलेकी. हनुवटीची ठेवण तीच, मान वळवायची लकब तीच. लेकीचं तारुण्य सरतं आणि तिच्या जागी तिची आई येऊन उभी राहते. पण दोघी मिळून एकच बाई असल्यामुळे कथेत त्यांना एकमेकींशी बोलायला वावच नाही. लेकीला दूर ठेवणाऱ्या आईची भूमिका एका आईनं आणि लेकीनं वाटून घ्यावी, यात मला केवळ सोय दिसत नाही. तेजस्विनीचे डोळे पाहताना मला वाटत राहतं की ही सिंधुताईही आहे आणि ममताही आहे. पाचव्यांदा पाहताना तर मी संवाद सोडून फक्त चेहरेच पाहत होतो. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, लंडनच्या महोत्सवात तो गेला, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. या मायलेकींच्या योगाबद्दल मात्र मला चार ओळींपलीकडे काही वाचायला मिळालं नाही.

या चित्रपटाच्या आधी अठ्ठावीस वर्षं जब्बार पटेलांनी 'उंबरठा' केला होता. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, पटकथा तेंडुलकरांची. स्मिता पाटीलची सुलभा महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते आणि छोट्या राणीला मूलबाळ नसलेल्या जावेकडे ठेवते. परत येते तेव्हा राणी काकूला बिलगलेली असते, आईला बुजते. सुलभेचं बंड आपण सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. मला मात्र त्या जावेकडे पाहावंसं वाटतं. रोज वेणी घातली तिनं, ताप उतरेपर्यंत जागली ती. सांभाळलेल्या लेकरावर हक्क कुणाचा, हा प्रश्न तिच्या गप्प चेहऱ्यावर आहे.

आमच्या भागाला हा प्रश्न सिनेमातून कळला नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारीचा भूकंप म्हणतात त्याला. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं, पण सास्तूर आणि भोवतालची गावं तेव्हा आमच्याच उमरगा तालुक्यात होती. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली आईबाप गेले आणि लेकरं उरली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा सुमारे १,२०० मुलांना शिकवायला पुण्याला घेऊन गेले. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणांच्या पुढाकारानं राष्ट्र सेवा दलाच्या माणसांनी 'आपलं घर' उभारलं. तिथं मी गेलो होतो. शाळा सुटली होती, एक मोठी मुलगी धाकटीच्या डोक्याला तेल लावत होती. नात्यानं त्या दोघी कुणीच नव्हत्या. बाकीची असंख्य लेकरं मात्र कुठल्याच संस्थेत गेली नाहीत. ती मावशी, आत्या, आजीच्या चुलीपाशी वाढली.

अशी लेकरं सांभाळणाऱ्यांसाठी कायद्याचं थोडक्यात. दत्तक घेतलं की नातं कायमचं जोडलं जातं. प्रतिपालनात मूल काही काळासाठी एखाद्या कुटुंबात राहतं, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याचा निर्णय बालकल्याण समिती करते. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळायला घेता येतं, आणि दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तकाचा मार्ग मोकळा होतो. आपल्या राज्याची बालसंगोपन योजनाही आहे. अनाथ किंवा एकच पालक असलेल्या मुलामागे महिना २,२५० रुपये. गावातल्या कितीतरी आज्यांना हे ठाऊकच नसतं. अंगणवाडीताईंना विचारा, एवढंच सांगतो.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. भूकंपानंतर सास्तूरकडची बहिणीची चार वर्षांची पोर त्यांनी आणली. पोर वाढली, पण मावशींना कधी आई म्हणाली नाही. दोघींची भांडणं गल्लीला ऐकू जायची. सासरी जाताना ती रडली नाही, आणि मावशींनी ते वर्षभर मनात धरलं. आता ती दोन लेकरांची आई आहे, दिवाळीला येते. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा टीव्हीवर नेमका सिंधुताईंचा सिनेमा लागला होता. ती मेथी निवडत बसली होती. ममताला सोपवल्याचं मी बोललो तसा तिचा हात थांबला.

"मग ती पोरगी मायेला काय म्हणली, काका?"

सिनेमात ते फारसं नाही, मी म्हणालो.

"काय म्हणंल," मावशी पलंगावरून बोलल्या, "राग आला असंल तिला."

"आला की," ती म्हणाली, आणि निवडलेली मेथी मावशींच्या ताटलीत सरकवली.