दुपारी दाखवलेली अरुंधती

मैत्रिणींनो, लग्नात भटजींनी तुम्हाला अरुंधती दाखवली असेलच. मलाही दाखवली, भर दुपारी पाऊण वाजता, हॉलमध्ये! “दिसली ना? करा नमस्कार.” मी छताच्या पंख्याला मनोभावे हात जोडले. खरी अरुंधती दिसायला पुढं दहा वर्षं गेली. आणि दिसली ती बदलापूरहून एकाच स्टेशनावर, वांगणीला.

आपल्या भागात आकाश उरलंय कुठं म्हणा! उल्हासनगरच्या दुकानांचे दिवे, अंबरनाथचे कारखाने, बदलापूरचे नवे टॉवर. गच्चीवर जावं तर दहा-वीस तारे मोजून होतात. हॅलेचा धूमकेतू यायच्या सुमारास, १९८५ साली मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं. ही मंडळी पावसाळा सरला की वांगणीला रात्रभराचं आकाशदर्शन ठेवत आली आहेत. मला जायचं होतं.

पण ‘रात्रभर’ हा शब्द ऐकून सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. “बायकामाणसानं रात्रभर रानात? कशाला, तारे बघायला?” हे म्हणाले, “मी नेतो चिमीला, तू राहा घरी.” आता बोलू नये, पण मला रागच आला. शाळेत मी अर्धवेळ शिकवते. दरवर्षी फळ्यावर सात टिंबं काढून मुलांना सप्तर्षी सांगते, आणि स्वतः कधी धड पाहिलेले नाहीत! शेवटी चिमीला घेऊन मीच गेले. हे घरी राहिले; कुकर लावता येतो त्यांना.

मार्गशीर्षातली रात्र. दवानं सतरंजी भिजते, तेव्हा खाली प्लॅस्टिक हवंच. कानटोपी, थर्मास, थोडी कोरडी चकली न्या. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद बांधा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोतानं ती सगळी मेहनत फुकट जाते. मोबाइल तर पिशवीतच बरा.

डोक्यावर मृग आला. त्याच्या तलवारीतला धूसर ठिपका दुर्बिणीतून पाहिला. तिथं म्हणे नवे तारे जन्माला येताहेत. देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसली, २५ लाख प्रकाशवर्षांवरची. चिमीला मात्र उल्का आवडल्या. १३ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतून उल्का पडतात. चंद्र नसला आणि अंधार गडद असला तर तासाला शंभराच्या घरात. ऑगस्टातला वर्षाव आपल्याकडे ढगातच जातो.

पहाटे साडेचारला ईशान्येला सप्तर्षी वर आले. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी लगटून बारीकशी अरुंधती. दोघं साधारण ८० प्रकाशवर्षांवर. म्हणजे मी पाहिलेला उजेड तिथून निघाला तेव्हा सासूबाईंचाही जन्म झाला नव्हता! मी पुन्हा हात जोडले. या वेळी पंख्याला नाही.

घरी आले तर सासूबाईंनी चहा पुढं केला आणि हळूच विचारलं, “शनी दिसला का गं?” साडेसातीच्या तेलाचा हिशेब असावा! दिसला होता, संध्याकाळीच. कडी घातलेला, इवलासा, गोड. “घाबरण्यासारखा नाही?” “मुळीच नाही, आई.”

२७ जुलै २०१८ च्या खग्रास चंद्रग्रहणात चिमी पोटात होती. या शतकातलं सर्वांत लांब ग्रहण, १ तास ४३ मिनिटांची खग्रास अवस्था. विळी, कात्री, सुई, सगळं कपाटात. मी पडदे ओढून खोलीत बसलेले. चंद्रग्रहण डोळ्यांनाही बाधत नाही आणि पोटातल्या बाळालाही नाही, हे ठाऊक असून मी बोलले नाही.

आता ३१ डिसेंबर २०२८ ला खग्रास आहे. रात्री पावणेदहापासून अकराच्या आसपासपर्यंत चंद्र तांबूस दिसेल, आणि त्या दिवसांत ढग सहसा नसतात. सासूबाईंना मी आत्ताच सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, “गच्चीवर खुर्ची लागेल मला. गुडघे दुखतात.”