डोंगरवाटेची विजार

पावसाळ्यांत सह्याद्रीवर जावयास निघालेल्या मुलामुलींच्या शिदोरीची काळजी घरोघर वाहिली जाते, विजारीची क्वचितच. कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच. वाटेंत लोखंडी शिड्या. तेथें जीनची जाड सुती विजार भिजली, म्हणजे जड होऊन गुडघ्यास अडविते, लवकर वाळत नाहीं, आणि माथ्यावरील वाऱ्यांत अंगाची ऊब हरण करिते. नायलॉनचें घट्ट विणीचें, पातळ कापड लवकर वाळतें व कांट्यांतही टिकतें; मात्र शेकोटीपासून तें जपावें. विजार गुडघ्यांत सैल हवी. विकत घेण्यापूर्वी ती घालून उकिडवें बसून पाहावें. पिशवींत दुसरी कोरडी विजार असावी. लाडू बांधून देणाऱ्या वडील मंडळींनीं एवढी पारखही करावी, हें बरें.