केल पेस्टोचा पौष्टिक पास्ता: काय खरे, काय ऐकीव

थंडी पडली की छत्तीसगडातल्या भिलाईत सुपेल्याच्या बाजारात लाल भाजी, चना भाजी, मेथी आणि तिवऱ्याच्या (लाखोळीच्या) कोवळ्या पानांचे ढीग लागतात. केल मात्र तिथे शोधावी लागते. मिळालीच तर ती एखाद्या मोठ्या दुकानात किंवा घरपोच सेवेत, आणि दर नेहमीच्या पालेभाजीच्या कितीतरी पट. तरीही केल पेस्टोचा, म्हणजे केलची पाने, लसूण, दाणे आणि चीज वाटून केलेल्या चटणीचा, पास्ता आता भिलाईच्या घरांतही शिजू लागला आहे, आणि त्यात नवल नाही. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि वसाहतीच्या सेक्टरांमध्ये विदर्भातल्या मराठी कुटुंबांच्या शेजारी मलयाळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी संसार थाटले गेले. शेजारच्या घरातला पदार्थ आपल्या घरी करून पाहणे हा या गावाचा जुना रिवाज आहे. पास्ता त्यातलाच. नवल वाटते ते त्याच्यासोबत आलेल्या ऐकीव माहितीचे.

पहिला गैरसमज केलच्या जातकुळीचा. केल म्हणजे परदेशी चमत्कार, तिच्यासारखे आपल्याकडे काही नाही, असे अनेकांना वाटते. वनस्पतिशास्त्र वेगळे सांगते. केल, कोबी, फुलकोबी, ब्रोकोली आणि नवलकोल या सगळ्या एकाच प्रजातीच्या भाज्या आहेत. शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या कुठे पान, कुठे फूल, कुठे खोड निवडत नेले, म्हणून त्यांची रूपे वेगळी झाली. काश्मिरी घरात रोज शिजणारा हाक हा केलचा अगदी जवळचा भाऊबंद. इटलीतल्या टस्कनीत काळपट पानांची केल शतकानुशतके सूपात पडते आणि तिचा पेस्टोही होतो. फुलकोबी घेताना आपण जो पाला भाजीवाल्याकडेच तोडून टाकतो, तोही याच प्रजातीचा. त्यातली आतली कोवळी पाने स्वच्छ धुऊन पेस्टोत घातली, तर चवीत केलची आठवण राहते आणि खर्च जवळजवळ शून्य होतो.

मग पोषणाचे काय? इथे आकडे नीट वाचायला हवेत. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात 100 ग्रॅम कच्च्या केलमध्ये सुमारे 250 मिलिग्रॅम कॅल्शियम, सुमारे 90 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय तक्त्यांत शेवग्याच्या पाल्यात 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह नोंदलेले आहे. हा पाला छत्तीसगडात मुनगा भाजी म्हणून खातात. म्हणजे केलने सगळ्यांना मागे टाकले, हे खरे नाही.

पण उलट्या बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का असतो: आकडा मोठा म्हणजे भाजी श्रेष्ठ. रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर या अमेरिकी संशोधकांनी 1990 मध्ये केलमधले कॅल्शियम शरीरात किती शोषले जाते ते मोजले. ते सुमारे 41 टक्के निघाले, दुधातल्या कॅल्शियमपेक्षाही अधिक. त्याआधी पालकाचा असाच अभ्यास झाला होता. त्यात शोषण जेमतेम पाच टक्के होते. पालकातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, केलमध्ये ते फार कमी असते. लाल भाजीतही ऑक्झलेट भरपूर असते. त्यामुळे केलचे कौतुक करायचेच तर ते या कारणासाठी करावे. पेस्टोत पालक घालून 'कॅल्शियमसाठी' खाणाऱ्यांची मात्र थोडी फसगत होते.

थायरॉइडच्या रुग्णांना कोबीवर्गातली भाजी वर्ज्यच, असेही सांगितले जाते. या भाज्यांतली काही द्रव्ये आयोडिनच्या वापरात अडथळा आणतात हे खरे, पण प्रश्न प्रमाणाचा आहे. 2010 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक प्रकरण छापून आले होते. 88 वर्षांची एक महिला कित्येक महिने रोज एक ते दीड किलो कच्चा बोक चॉय, म्हणजे याच कुळातली चिनी पालेभाजी, खात होती आणि थायरॉइडच्या तीव्र कमतरतेने बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोचली. दीड किलो, कच्ची, रोज! पेस्टोतून एका माणसाच्या वाट्याला येतात 35-40 ग्रॅम पाने, तीही उकळत्या पाण्यातून काढलेली. आयोडिनयुक्त मीठ वापरणाऱ्या घराने इतक्या केलला भिण्याचे कारण नाही.

खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्याच एका गटाने. वॉर्फरिन किंवा ॲसेनोकुमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व पाहावे लागते. 100 ग्रॅम केलमध्ये ते सुमारे 390 मायक्रोग्रॅम असते, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या कित्येक पट, आणि ते या औषधांचा परिणाम कमी करते. याचा अर्थ हिरव्या भाज्या बंद करायच्या असा नाही. आठवडाभर काहीच नाही आणि रविवारी अचानक भरपूर, असे करू नये. प्रमाण सारखे ठेवावे आणि आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगावे.

आता पेस्टोकडे. बेसिलशिवाय केलेला पेस्टो म्हणजे फसवणूक, असे मानणारे शुद्धतावादी सगळीकडे भेटतात. जेनोआ हे पेस्टोचे माहेर. तिथल्या जोव्हानी बत्तिस्ता रात्तो यांच्या 1863 च्या पाककृतींच्या पुस्तकात पेस्टोची सर्वांत जुन्या छापील कृतींपैकी एक आहे. तिच्यात इटलीच्या पार्मेझानबरोबर हॉलंडचे चीज सांगितले आहे, आणि बेसिल नसेल तर मार्जोरम व पार्सली घ्या, अशी मुभाही दिलेली आहे. मुळातच कृती इतकी सैल असेल, तर भिलाईत केल किंवा फुलकोबीचा पाला घालणाऱ्याने संकोच कशाला करायचा? शेवग्याचा पाला चालतो, पण कडवटपणामुळे तो एकूण पानांच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. लाल भाजीने पेस्टो मातकट तांबडा होतो. चवीला वाईट नाही, पाहुण्यांना मात्र आधी सांगावे लागते.

चिलगोजे हवेतच, हाही असाच हट्ट. आपल्याकडचे चिलगोजे हिमाचलातल्या किन्नौरहून येतात आणि त्यांचा भाव ऐकून पास्त्याचा बेतच रद्द होतो. अक्रोड किंवा भाजलेले शेंगदाणे तेच काम करतात. छत्तीसगडात धान कापणीपूर्वीच शेतातल्या ओलीवर तिवरा आणि जवस फेकून पेरायची उतेरा पद्धत आहे, त्यामुळे जवस इथे घरोघरी ओळखीचे. भाजलेल्या जवसाचा एक चमचा पेस्टोला छान दाटपणा आणतो. जास्त झाला तर गिळगिळीतपणा. चीजबाबत शाकाहारी घरांनी एक लक्षात ठेवावे: अस्सल पार्मेझान वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घेतला की प्रश्न मिटतो.

'पास्ता म्हणजे मैदा' हे वाक्य तर जणू सर्वमान्य झाले आहे. स्वस्त पास्त्यात मैदा असू शकतो, पण चांगला सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत तर 1967 च्या कायद्यापासून तसे बंधनच आहे. ड्युरम मराठी माणसाला नवा नाही. आपला बन्सी गहू तोच. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेने, म्हणजे 1946 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, एमएसीएस 4028 हा ड्युरमचा वाण विकसित केला आहे आणि त्यात प्रथिने 14.7 टक्के आहेत. तेव्हा पाकिटाच्या मागे 'ड्युरम गव्हाचा रवा' असे लिहिले आहे का ते पाहावे. नावात 'व्हीट' आहे म्हणून खूश होऊ नये, कारण मैदाही गव्हाचाच.

ड्युरमच्या पास्त्यात स्टार्चचे कण प्रथिनांच्या घट्ट जाळ्यात अडकलेले असतात, म्हणून तो पांढऱ्या पावापेक्षा सावकाश पचतो. स्पॅगेटीचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते याचे माप, 50 च्या आसपास येतो. मात्र लगदा होईपर्यंत शिजवला तर हा फायदा घटतो, आणि ताटभर खाल्ला तर निर्देशांक कामी येत नाही. माणशी 75 ते 80 ग्रॅम सुका पास्ता पुरे. ग्लूटेनची ॲलर्जी किंवा सीलिॲक आजार असणाऱ्यांना ड्युरमही चालत नाही, हे वेगळे सांगायला हवे, कारण 'रवा चालतो' अशी समजूत आढळते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज तेलाचा. ऑलिव्ह तेल हृदयाला चांगले, म्हणून हात सैल सोडायचा! कोणतेही तेल असो, एका ग्रॅममागे 9 कॅलरीच. अर्धा कप तेलात हजाराच्या आसपास कॅलरी जातात आणि केलची पौष्टिकता त्याखाली दबून जाते. तेल पार वगळणेही बरोबर नाही, कारण केलमधली कॅरोटिनॉइड्स शोषली जायला स्निग्धांश लागतो. चार माणसांसाठी 60 मिलिलिटर तेल पुरते, म्हणजे प्रत्येकी जेमतेम 120 कॅलरी. उरलेला ओलसरपणा पास्त्याच्या पाण्यातून आणावा. ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये फार वेळ फिरवले तर कडू होते. बाकी सगळे वाटून झाल्यावर ते शेवटी हाताने कालवावे.

कृती सोपी आहे. केलच्या मधल्या जाड शिरा काढून 150 ग्रॅम पाने घ्यावीत, उकळत्या मिठाच्या पाण्यात मिनिटभर बुडवावीत आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत. त्याने पाने मऊ होतात, रंग हिरवागार राहतो. थोडे क जीवनसत्त्व जाते, पण लिंबाने त्याची काही भरपाई होते. पाने घट्ट पिळून 40 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे किंवा अक्रोड, लसणाच्या दोन पाकळ्या, 30 ग्रॅम चीज, मीठ आणि लिंबाचा रस घालून जाडसर वाटावे. पास्ता शिजवताना पाण्यात तेल घालू नये. पास्ता चिकटू नये म्हणून ते घालतात, पण त्याने पेस्टोच पास्त्यावरून घसरतो. शिजल्यावर गार पाण्याने धुऊही नये. वाटीभर पाणी मात्र बाजूला काढावे. पेस्टो थेट आचेवर परतायचा नाही. गॅस बंद करून गरम पास्त्यात ते पाणी घालत मिसळायचा.

उरलेल्या पेस्टोवर तेलाचा थर दिला की तो लोणच्यासारखा बाहेर टिकतो, ही समजूत मराठी घरात सहज रुजते आणि ती धोक्याची आहे. लोणचे टिकते ते मीठ आणि आंबटपणामुळे. तेलाचे काम फक्त हवा अडवण्याचे. पेस्टोत मीठ कमी, आंबटपणा जेमतेम, आणि तेलाखाली हवा नाही. बोट्युलिझमच्या जिवाणूला हेच हवे असते. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलात साठवलेल्या लसणामुळे 36 जणांना या विषबाधेने गाठले होते. मे महिन्यात भिलाईचा पारा 42 अंशांच्या पुढे जातो. तेव्हा पेस्टो दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांत संपवा, आणि जास्त केला असेल तर चीज न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा.